पगारेचं नाटक आणि माझ्या हातातली दोरी

आम्ही जुने सातपूरकर कुठल्या लग्नात भेटलो की जेवण राहतं बाजूला. एकाने "तुला आठवतं का" म्हटलं की दुसऱ्याच्या पोटातून तीन किस्से बाहेर पडतात आणि तिसरा म्हणतो, "हे असं झालंच नव्हतं मुळी." सत्तरचं दशक संपत आलेलं. कंपनी नवी, कॉलनी नवी, आणि आम्हीही नवेच. कोणी लासलगावचा, कोणी इगतपुरीचा, कोणी पार सटाण्याकडचा. पाळी सुटल्यावर करायचं काय? म्हणून क्लब काढला. क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कॅरम बोर्ड आणि अफाट उत्साह!

* * *

कॅरम आला त्या दिवशीची गोष्ट. सगळे स्ट्रायकरवर टपलेले. पण आमचा कुलकर्णी होता इन्स्पेक्शनला. त्याने खिशातून मोजमापाचा व्हर्निअर काढला आणि एकेक सोंगटी मोजत बसला. आम्ही दोन चहा संपवले. शेवटी त्याने मान वर केली.

"राणी गोल नाही. लॉट रिजेक्ट."

सोंगट्या दुकानदाराकडे परत गेल्या. पुढचा आठवडाभर आम्ही नुसत्या बोर्डावर पावडर पसरत होतो!

* * *

खरं वेड मात्र नाटकाचं. लेथवरच्या पगारेने कंपन्या-कंपन्यांच्या नाट्यस्पर्धेसाठी स्वतः नाटक लिहिलं, तेही जुन्या जॉबकार्डांच्या पाठीवर. आदल्या वर्षी त्याच्या नाटकाची लोकांनी अशी हुर्यो उडवली होती की दुसऱ्या अंकातच पडदा पाडावा लागला. पडद्याची दोरी माझ्याच हातात होती. पगारे विंगेत उभा होता. त्याच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

यंदा त्याने एवढंच सांगितलं, "मला नंबर नको. नाटक शेवटच्या वाक्यापर्यंत गेलं पाहिजे."

नायिका व्हायला कॉलनीतल्या सिंधूवहिनी तयार झाल्या. त्यांच्या सासूबाईंची अट एकच, तालमीला मीही बसणार. पहिला आठवडा या काकू आमच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. तिसऱ्या आठवड्यात पगारे एका वाक्यावर अडखळला, तर मागून काकूंचा आवाज आला, "'चूल अजून पेटली नाही', असं म्हणायचंय तुम्हाला."

पगारेने तिथल्या तिथे त्यांना प्रॉम्प्टर नेमलं. वहिनींनी कपाळाला हात लावला. "घरी स्वयंपाकात चुकू देत नाहीत, आता इथेही."

* * *

नाटकात पावसाने घर कोसळतं. ते घर बनवलं मेंटेनन्सच्या शिंदेने. लोखंडी अँगल, नटबोल्ट, वर वेल्डिंग. तालमीत दोरी ओढली, घर हललं नाही. मग चौघांनी मिळून ओढली, तर दोरीच तुटली!

पगारे म्हणाला, "अरे बाबा, हे पडायचंय. यावर क्रेन नाही बसवायची."

शिंदेला ते लागलं. "आपलं काम आजपावेतो पडलेलं नाय. पडनार बी नाय."

शेवटी पगारेने नाटकातला पाऊसच रद्द केला.

* * *

आता स्पर्धेचा दिवस. शनिवारची दुपार. नाशकातला हॉल गच्च, आणि बसलेले सगळे निरनिराळ्या कंपन्यांचे कामगार. शेवटचा प्रवेश असा होता: म्हातारा कामगार, म्हणजे पगारे, खाटेवर शेवटच्या घटका मोजतोय, वहिनी त्याची बायको. दूर गेलेला मुलगा येतो आणि त्याला बघून म्हातारा प्राण सोडतो. मुलाचं काम होतं बागूलचं.

आणि बागूलचा पत्ता नव्हता! तो होता भट्टीवर, पहिल्या पाळीत. तिथे नियम कडक. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि त्याच्या रिलीव्हरची एसटी नेमकी त्याच दिवशी वाटेत बंद पडलेली.

विंगेतून काकू कुजबुजल्या, "पगारे, मरू नका. बागूल आला नाही."

वहिनींनी म्हाताऱ्याला पाणी पाजलं. मग पाय चेपले. मग पुन्हा पाणी. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, तिसरा तांब्या झाला." हॉल हसायला लागला. पहिली शिट्टी आली. माझ्या हातातली दोरी घामाने भिजली. मी पगारेकडे बघितलं, त्याने डोळ्यांनीच नको म्हटलं.

वहिनींचं पाठ केलेलं सगळं संपलं होतं. त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अहो, किती त्रास करून घेता?"

पगारे कोपरावर उठला. हे वाक्य जॉबकार्डावर कुठेच नव्हतं.

"निघालो असतो गं केव्हाच. पण रिलीव्हर कुठे आलाय अजून?"

हशा एकदम थांबला.

तेवढ्यात मागच्या दाराने बागूल आत शिरला. सायकल हाणत आलेला, कपडे तेलकट, तोंडाला काजळी. कपडे बदलायला वेळच नव्हता. तो थेट स्टेजवर चढला, खाटेशी उभा राहिला आणि स्वतःचं वाक्य साफ विसरला. काकू प्रॉम्प्ट करत होत्या, त्याला ऐकू येईना. शेवटी भट्टीवर रोज कानावर पडणारं तेच त्याच्या तोंडून निघालं.

"मी आलोय. निघा तुम्ही."

पगारेने डोळे मिटले. मी पडदा सोडला.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी शेजारी बसलेल्या कामगाराला विचारलं, "हे रिलीव्हर म्हणजे काय हो?"

तो म्हणाला, "थांबा साहेब, आधी रडू द्या."