हात नसलेली दीर्घिका

लेकीनं पाठवलेल्या फोटोची प्रिंट काढून आणली, तर मधोमध पिवळट डाग. मी नुकताच बटाटेवडा खाल्ला होता, त्यामुळे गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. रुमाल ओला केला आणि डाग मनापासून पुसला. मग लेकीला फोन केला.

"फोटो छान आहे गं. पण तुझी दीर्घिका कुठली यात?"

"बाबा, मधोमध बघ ना. पिवळट ठिपका."

अब्जावधी वर्षं चालत आलेला प्रकाश मी करी रोडच्या चाळीत ओल्या रुमालानं पुसला होता.

लेक खगोलशास्त्रात संशोधन करते. तिच्या गटाला ही दूरची लंबवर्तुळाकार दीर्घिका सापडली, आणि ठिपका सर्वांत आधी हिनं हेरला. म्हणून चाळीच्या सत्यनारायणाला तिचा गुणगौरव ठरला. दुसरी प्रिंट घेऊन मी चाळ कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त.

"हे काय रे? प्रिंटर बिघडलाय वाटेल लोकांना. हिला ते गोल फिरणारे हात कुठायत? ती निळी, भोवऱ्यासारखी असते ती टाकलीय मी बॅनरवर."

"ती तिची नाही."

"कोणाला कळतंय? तू गप रव!"

लेकीला कळत होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्याची दीर्घिका माझ्या नावावर लावणार असाल, तर मी येत नाही."

कमिटीच्या प्रत्येक ठरावाला मी आजवर हात वर केलाय, कधीकधी ठराव वाचून व्हायच्या आधीच. त्या दिवशी मात्र सेक्रेटरीसमोर तोंडातून निघालं, "तो बॅनर लागणार नाही."

"मग बॅनरच नाही!"

"नको. तिचा फोटो मी हातात धरून उभा राहीन."

बोलून बसलो. आता उभं राहणं आलं. पूजेच्या दिवशी प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवली आणि जिन्यापाशी उभा राहिलो. प्रसाद घेऊन निघालेला प्रत्येक जण विचारी, "डाग कसला हो?" मी प्रत्येकाला सांगे, "डाग नाही, दीर्घिका आहे. हिला हात नसतात. आतले तारे म्हातारे, नवे जवळपास जन्मतच नाहीत."

तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आपली चाळच की रे! तरणी पोरं सगळी बदलापूरला."

सेक्रेटरी दोनदा येऊन म्हणाला, "खाली ठेव रे, हसतायत लोक." मी म्हटलं, "हसू देत. बघतायत ना?" दंड भरून आले होते, पण पुठ्ठा खाली आला नाही.

लेक आली. माझ्याकडे बघून जिन्यातच थांबली. शेवटी सेक्रेटरीनंच माइक तिच्या हातात दिला आणि पुटपुटला, "सांग बाई तूच, तुझा बाप काय ऐकत नाय."

घरी आल्यावर बायको माझ्या दंडाला बाम चोळत म्हणाली, "नाही म्हणालात ते बरंच केलंत. पण अहो, फोटो दोन तास उलटा धरला होतात, कोपऱ्यातली तारीख उलटी दिसत होती. मी सांगायला निघाले होते, तर लेक म्हणाली, राहू दे आई, आज बाबाला कोणी काही सांगायचं नाही."