मंगसाहेबांनी यादीखाली लिहिलेली ओळ

कोणताही कागद द्या, ते तो शेवटपर्यंत वाचत आणि विचारत, "मंग?" म्हणून आम्ही त्यांना मंगसाहेब म्हणायचो. आदिलाबादच्या आमच्या जिनिंगमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवायला त्यांना नेमलं. मी टायपिस्ट. कोणत्या गावाहून किती कापूस आला, याच्या याद्या मी नेटक्या लावून द्यायचे. ते म्हणत, "यादी चांगली हाये बाई. मंग? आता करायचं काय, ते खाली एका ओळीत ल्याहा."

शेठजींच्या लेखी ते 'प्रिंटवाले' होते. बैठकीत कागद द्यायचे आणि दाराबाहेर उभं राहायचं.

एका हंगामात वांकिडीहून येणाऱ्या कापसाच्या बैलगाड्या घटल्या. शेठजी म्हणाले, पीकच कमी असेल. मंगसाहेब बसने गेले आणि वांकिडीच्या बाजारात एका शेतकऱ्याला विचारलं, "काऊन येऊन नाई राह्यले आमच्याकडं?"

तो हसला. "तुमच्या फाटकात दिवसभर खोळंबा. मानसाले चहा भेटते, बैलाले पानी नाई. पल्याड महाराष्ट्रात हौद हाये, साहेब."

हे कॉम्प्युटरमध्ये कुठून येणार? परतल्यावर त्यांनी यादीखाली मला एकच ओळ टाइप करायला लावली: फाटकाजवळ हौद बांधावा. हौद झाला, गाड्या परतल्या. पुढच्या बैठकीत शेठजींनी खुर्ची मागवली. "अब से आप अंदर बैठिए." ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. पुढे शेठजी त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवेनासे झाले.

मग त्याच खुर्चीपुढे प्रश्न आला: कोणतं खरेदी केंद्र बंद करायचं? यादीत तळाला गुडीहत्नूरजवळचं त्यांचंच गाव होतं. त्यांचा धाकटा भाऊ तिथे वजनकाट्यावर कामाला होता.

मी म्हटलं, "साहेब, एक हंगाम थांबू म्हणा ना."

"दुसऱ्याचं गाव असतं, मंग?"

यादीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या गावाचं नाव लिहिलं.

त्या पोळ्याला ते गावी गेले. घरोघरी बैलांची पूजा झाली. त्यांची बायको ताट घेऊन दारात उभी होती. भाऊ बैल घेऊन पुढे निघून गेला. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "बैल आमच्या दारापुढं थांबले नाई, बाई." त्यानंतर त्यांनी कुणाच्याच कागदावर "मंग?" विचारलं नाही. वाचायचे आणि सही करायचे.

दोनच वर्षांनी ते गेले. कुणाकुणाला कळवायचं, ती यादी मीच केली. भावाचं नाव पहिलं लिहिलं.

दिवस झाल्यावर भाऊ त्यांचा डबा आणि चष्मा न्यायला जिनिंगमध्ये आला. खुर्चीकडे बघत म्हणाला, "केंद्र दादानंच बंद केलं ना?"

"हो."

"मंग?"

अगदी तोच आवाज. पोळ्याहून आल्यावर ते काय म्हणाले होते, ते मी सांगितलं. तो फाटकाजवळच्या हौदावर गेला आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.