बाबांचा दुपट्टा आणि पॅरामोटर

मागच्याच्या मागचा रविवार. नरखेडजवळ संत्र्याच्या मळ्यातलं माझं माहेर, सकाळची वेळ, आणि डोक्यावरून कोणीतरी गवत कापायचं मशीन उडवत नेतंय, असा आवाज...

आईची बायपास झाल्यापासून तिला रात्रभर झोप नसते. पहाटे कुठे डोळा लागतो. आणि नेमकी तेव्हाच नाल्यापलीकडच्या रिसॉर्टची पॅरामोटर उडते. वर रंगीत छत्री, खाली दोन माणसं बसलेली, मागे पंख्याची मोटर. हौशी लोकांना आकाशातून संत्र्याचे मळे दाखवतात. दर रविवारी.

मी शहरात, धरमपेठेत राहते, त्यामुळे हे फक्त फोनवर ऐकलं होतं. त्या दिवशी पाहिलं. आई दचकून उठली, छातीवर हात धरून बसली. बाबा अंगणात धावले आणि खांद्यावरचा दुपट्टा जोरजोरात हलवायला लागले. ते यंत्र आणखी खाली आलं, आमच्या घरावर चक्कर मारून गेलं. वर बसलेली बाई चक्क हात हलवत होती...

"पाह्य! वरून चिडवते मले," बाबा म्हणाले.

मी तशीच रिसॉर्टवर गेले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. पायलट तिथेच छत्रीची घडी घालत होता. पलीकडच्या मळ्यातून आले, एवढंच म्हणाले, तर त्याचा चेहरा खुलला.

"दुपट्टावाले काका तुमचे बाबा का? काय मस्त माणूस आहे हो! आम्ही दिसलो की दुपट्टा हलवत बाहेर येतात. टुरिस्ट एकदम खूश. म्हणून तर त्यांच्यासाठी थोडं खाली येऊन एक चक्कर एक्स्ट्रा मारतो."

ठरवलेलं सगळं बाजूलाच राहिलं. हसावं की रडावं, कळेना... शेवटी आईचं सांगितलं. बाबा बोलवत नाहीत, हाकलतात, तेही सांगितलं. त्याच्या हातातली छत्री तशीच राहिली. "आम्हाला वाटलं, काका बोलावून राहिले..." मग म्हणाला, आता नाल्याच्या तिकडूनच वळवतो, आईंना झोपू द्या.

घरी येऊन सांगितलं, तर बाबा भडकले. "मी हाकलून राहिलो होतो त्यायले! राघू हाकलतो तसा!"

आणि आई हसायला लागली. टाके दुखू नयेत म्हणून उशी छातीशी दाबून हसली. "अवो, दर रविवारी तुम्हीच नेवता देऊन राहिले होते... अन् मले म्हणता, झोप!"

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा अशी हसली. बाबा मात्र गाल फुगवून विहिरीकडे निघून गेले.

काल रविवार होता. मी सकाळीच फोन केला. बाबा हळू आवाजात म्हणाले, "झोपली आहे. आवाज नाही आला." मला इतकं हलकं वाटलं... पण ते फोन ठेवेनात.

"लांबून गेलं ते," म्हणाले. "त्यातलं कोणीतरी हात हलवून राहिलं होतं. चिडवत नव्हते वं ते लोकं... आता समजलं."

"मग तुम्ही?"

"मी कायले हलवतो? हात वर केला असता तर आले असते ना जवळ. तुही माय झोपली होती."

मला हवं तेच तर झालं होतं. मग फोन ठेवल्यावर असं रुखरुखल्यासारखं का वाटलं?

आई झोपली, त्यासाठी त्या पायलटचे मनापासून आभार. फक्त बाबांनी खाली ठेवलेला तो हात... त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.