कवळीकाकांचा फ्रेंच भूतकाळ

तिसऱ्या मजल्यावरच्या कवळीकाकांनी घरात बाई ठेवली आहे, ही बातमी फोडली ती त्यांच्या शेजारच्या शिलाईवालीने. पुरावा बिनतोड होता. रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडून एक बाई लाडीगोडीने काहीतरी म्हणायची, काका तेच घोगऱ्या आवाजात म्हणायचे, आणि मग ती आणखी सावकाश, आणखी गोड होऊन पुन्हा म्हणायची.

"त्रेसष्टाव्या वर्षी!" शिलाईवाली जिन्यात उभी राहून म्हणाली. "आणि तीही परदेशी हो! सगळं बोलणं नाकातून."

दोन दिवस अख्खी इमारत भिंतीला कान लावून होती. तिसऱ्या दिवशी शिलाईवाली साखर मागायच्या निमित्ताने आत घुसली, तर बाई मोबाइलमधून निघाली. फ्रेंचचे धडे देणारी. समोर काका वही उघडून, पेन्सिलीला टोक काढत बसलेले. इमारतीची घोर निराशा झाली.

काकांचा धंदा त्यांच्या टोपणनावातच आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, काका पुढच्या खोलीतल्या बाकावर त्याचा प्लास्टरचा साचा ओततात, गुलाबी मेणात एकेक दात बसवतात, आणि मनासारखं जमलं की मग पक्की कवळी. चाळीस वर्षांत एक नियम त्यांनी मोडला नव्हता. मेणातलं काम कुणाला दाखवायचं नाही. दार वाजलं की बाकावर फडकं. "अर्धवट तोंड बघून माणूस बिचकतो," म्हणायचे.

काकू गेल्या आणि घरात सोबतीला दुसऱ्यांचे दात तेवढे उरले. एकुलता एक मुलगा परदेशात, सून तिथलीच, नात सहा वर्षांची. त्यांच्या घरात सगळा कारभार फ्रेंचमध्ये. एकदा फोनवर काकांनी उगाच खाकरून विचारलं, "मी तिकडेच येऊन राहू का रे?"

"या की बाबा!" मुलगा म्हणाला. "फक्त इथल्या सरकारचा नियम आहे. फ्रेंचची मधली परीक्षा पास करावी लागते. सुरुवातीची चालत नाही."

"मग होतो पास," काका म्हणाले. जणू एक दाढच बसवायची होती.

टेबल, खुर्ची, माझं नाव अमुक, हे आठ महिन्यांत सर झालं. मधल्या पायरीवर मात्र क्रियापदांनी त्यांना उताणं पाडलं. पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं. काकांचं इंग्रजी कामाच्या मानाने बरंच चांगलं, पण ते पुस्तक दर पानावर म्हणायचं, इंग्रजीत असं नसतं, घाबरू नका, आणि मग घाबरवायचं. एकदा घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ निराळा, पूर्वी नेहमी घडायची तिचा निराळा. यावर अकरा पानं! तीन आठवडे काका त्यात रुतून बसले आणि एका सकाळी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, गेलो आणि जायचो! आपल्या भाषेत पाळण्यातलं पोर बोलतं हे. मी कशाला इंग्रजीच्या दारातून शिरतोय?" त्या दिवशी शिलाईवालीला न मागता वाटीभर साखर मिळाली.

क्रियापदांची शेपटं तरीही डोक्यात राहीनात, तेव्हा त्यांनी हाताला कामाला लावलं. मेणाचा पत्रा घ्यायचा, सुरीने त्यावर क्रियापद कोरायचं. चुकलं की स्पिरिटच्या दिव्यावर धरून अंगठ्याने पुसायचं, पुन्हा कोरायचं. दहादा न चुकता आलं की वर प्लास्टर ओतून पक्कं करायचं. फळीवर कवळ्यांच्या शेजारी भूतकाळ वाळत पडू लागले. फ्रेंचमध्ये म्हणे इच्छा, शंका आणि भीती यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदाला वेगळंच रूप असतं. पुस्तक म्हणायचं, हे सर्वांत कठीण. काकांना ते सर्वांत आधी पाठ झालं.

आणि यातलं मुलाला काही ठाऊक नव्हतं. नियम तोच, मेणातलं दाखवायचं नाही. "एखादं वाक्य बोला की बाबा," असं तो म्हणाला की काका हात झटकायचे. "छे रे, टाळूला चिकटतं माझ्या." पहिल्या वर्षी दोन गुणांनी नापास, दुसऱ्या वर्षी चार गुणांनी. मुलाला फक्त 'नापास' कळवलं. तिसऱ्या वर्षी पास झाले, पण अख्ख्या जिन्याच्या आधी मुलालाच सांगायचं म्हणून गप्प राहिले.

रविवारी फोन आला. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. प्रमाणपत्र बाकावर, फडक्याखाली. पडद्यावर मुलगा, सून आणि खुर्चीच्या पाठीवर चढलेली नात. काका तोंड उघडणार तेवढ्यात सुनेने नवऱ्याला फ्रेंचमध्ये विचारलं, "निकाल लागला का रे त्यांचा? पास झाले तर?"

"कसले पास होतात!" मुलगाही फ्रेंचमध्येच, हसत म्हणाला. "आणि झाले तर पुढची परीक्षा आहे म्हणून सांगू. वडिलांना आणायला इथे कुठे परीक्षा लागते? गुंतून राहिलेत, बरंच आहे." मग कॅमेऱ्याकडे वळून आपल्या भाषेत, "बाबा, ती विचारतेय, तब्येत कशी आहे?"

काकांना शब्द न् शब्द कळला. मुलाच्या बोलण्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

"उत्तम आहे म्हणून सांग," ते म्हणाले. हात फडक्यावर तसाच राहिला.

तेवढ्यात नात पडद्याला नाक लावून आली आणि ओठ ओढून दाखवत काहीतरी बरळली. पुढचा दात पडला होता. आता दात म्हटल्यावर काका गप्प कसे बसणार? त्यांनी तिला स्वच्छ, सावकाश फ्रेंचमध्ये विचारलं, "दात पडला तेव्हा तू काय खात होतीस गं?"

"सफरचंद!" नात किंचाळली. तिला काहीच नवल वाटलं नाही.

तिच्या मागे मात्र दोन चेहरे प्लास्टर ओतल्यासारखे पांढरे पडले. "बाबा... तुम्हाला हे... कधीपासून..."

"दात जपून ठेव," काकांनी नातीला सांगितलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर मुलाचे अकरा फोन आले. काकांनी एकही घेतला नाही. सोमवारी त्यांनी कोपऱ्यात पडलेले मेणाचे पत्रे पातेल्यात वितळवले आणि एका गिऱ्हाइकाच्या वरच्या कवळीला वापरले. प्लास्टरच्या लाद्या जिन्यात आणून ठेवल्या, हवी त्याने न्यावी म्हणून. शिलाईवालीने एक उचलली, दाराला अडसर लावायला. सकाळची बाईही बंद झाली होती. शिलाईवालीला करमेना.

"तीन वर्षं घोकलंत," ती म्हणाली. "आणि जाणं तर राहिलंच. काय उपयोग झाला हो काका त्या फ्रेंचचा?"

काका म्हणाले, "झाला की. मुलाचं बोलणं कळायला लागलं."