अल्स्टन प्रेस्कॉडच्या दारातला नेरेओ

आमच्या सांता इनेस साखर कारखान्याच्या बेसबॉल संघात अल्स्टन प्रेस्कॉड पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता. त्याचा बाप इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवरून ऊस तोडायला आला आणि इथलाच झाला. त्या संघातले दोघं पुढे न्यूयॉर्कला खेळले, त्यांची नावं पोरं अजून घेतात. अल्स्टनचं कुणी घेत नाही. मी त्याची शेजारीण, म्हणून मला ठाऊक.

पलीकडच्या कारखान्याशी सामना होता. त्यांचा नेरेओ बॅट घेऊन उभा राहिला. अल्स्टनचा चेंडू आत वळला आणि त्याच्या कानशिलावर बसला. नेरेओ हसला, "माशी बसली रे," म्हणाला आणि चेंडू लागला की फुकट मिळतो त्या पहिल्या बेसवर चालत गेला. तिथेच कोसळला. दुसऱ्या दिवशी वारला.

अल्स्टनने पुन्हा चेंडूला हात लावला नाही. वजनकाट्यावर कामाला लागला, लग्न केलं, बायको गेली, म्हातारा झाला. दर रविवारी दुपारी, सामन्याच्या वेळेला, नेरेओ त्याच्या दारात येऊन उभा राहायचा.

"रागावलेला असतो?" मी एकदा विचारलं.

"नाही गं. खांद्यावर बॅट घेऊन नुसता वाट बघतो."

ही गोष्ट फिरत फिरत पलीकडच्या गावात पोचली. एका रविवारी नेरेओची बहीण देयानिरा आली.

अल्स्टन उठून उभा राहिला. "शिव्या द्यायला आलात ना? द्या."

"शिव्या आईने जन्मभर दिल्या. मी त्याला बघायला आले. आमच्याकडे एकदा फिरकला नाही मेला, तुमच्याकडे बरा येतो."

तिने खुर्ची दाराकडे वळवली. मला अंगण दिसत होतं, कोंबड्या दिसत होत्या.

"आला?"

"आला."

"कसा दिसतो?"

"होता तसाच. एक मोजा खाली घसरलाय."

"डावा," देयानिरा म्हणाली. "किती वेळा शिवून दिला मी." आणि तिने तोंडावर हातरुमाल धरला.

मग ती दर रविवारी यायला लागली. येताना केळ्याचे तळलेले काप आणायची, कॉफी मी करायची. ती दाराकडे बघून घरातल्या गोष्टी सांगायची. आई गेली, भाचीचं लग्न झालं. तो हसला की अल्स्टन तिला सांगायचा.

एकदा ती म्हणाली, "तो वाट बघतोय तर टाका ना चेंडू. किती ताटकळत ठेवायचं माणसाला?"

अल्स्टन बरेच रविवार ऐकेना. शेवटी मीच मैदानावरून चेंडू मागून आणला. त्याने तो बोटांत फिरवला आणि हळूच दाराकडे टाकला. चेंडू उंबऱ्यापलीकडे गेला. खाली पडल्याचा आवाज झाला नाही. आम्ही अंगण, गटार, शेजारचा ऊस, सगळं धुंडाळलं. मिळाला नाही.

"मारला त्याने," अल्स्टन म्हणाला. "लांब मारला."

त्यानंतर नेरेओ आला नाही. अल्स्टनला झोप लागायला लागली. देयानिराने मात्र स्वतःला बोल लावला. "मीच टाका म्हटलं, मीच घालवला त्याला."

तरी तिने यायचं सोडलं नाही. पुढच्या ऊसतोडीच्या हंगामात अल्स्टन वारला, तोवर रविवारी दुपारी दोघं शेजारी शेजारी बसायची, रिकाम्या दाराकडे तोंड करून. मी कॉफी ठेवून निघून यायची.