चुन्याच्या भिंतीवरची लाल चूळ

माझ्या तोंडातून रक्त पडतं, ही बातमी आख्ख्या पिंपळवंडीत मला सगळ्यात शेवटी कळली.

हा किस्सा खरं तर माझ्या बायकोनं, हिरानं सांगायचा. ती सांगायची तेव्हा लोक पोट धरून लोळायचे. मी मधे तोंड घातलं की म्हणायची, "तुमी गप बसा, तुमाला सांगता येत न्हाई." गेल्या वर्षी ती गेली. मला सांगता येत नाही हे खरंच आहे, शाळाही चौथीपर्यंतच झालेली. पण आता गप बसा म्हणणारंही कोणी नाही. तेव्हा ऐका.

नव्वदीची सालं संपत आली होती. आमची काळ्या द्राक्षांची बाग होती आणि माल जवळच्याच एका वाइनच्या कारखान्यात जायचा. एकदा तिथल्या साहेबांनी आम्हा बागवाल्यांना बोलावून तांबड्या वाइनचे ग्लास पुढे मांडले. म्हणाले, आधी रंग बघा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा आणि मग थुंका. बाकीचे गडी घोळवण्यापर्यंत हुशार निघाले. थुंकायची वेळ यायची तोवर घोट पोटात पोचलेला असायचा! मी पडलो तंबाखू खाणारा. थुंकण्यात मला जुन्नर तालुक्यात तोड नव्हती. साहेब म्हणाले, बाबा, तुमची जीभ चांगली आहे. माझ्या जिभेला उभ्या जन्मात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. (हिरा तर तिला विळा म्हणायची.) त्या एका वाक्यानं माझं वाटोळं झालं.

मला तांबड्या वाइनचा नाद लागला. कोण पुण्याला चाललं की त्याला बाटली आणायला सांगायचो. मग परसात पेरूच्या झाडाखाली स्टीलचे पेले मांडून एकीशी दुसरी ताडून बघायची. एक करवंदासारखी आंबटगोड लागायची, एक जांभळासारखी जीभ आवळायची. एकीला बैलाच्या भिजलेल्या कासऱ्याचा वास यायचा, आणि खोटं कशाला बोलू, तीच मला सगळ्यात आवडायची.

पण हे सगळं चोरून. कारण आमच्या लेकीची, संगीताची सोयरीक पेठच्या घरात ठरत आली होती. पोरगं सोन्यासारखं, पोरीच्या मनात भरलेलं. आठवड्यावर सुपारी आली होती. पण होणारे व्याही तात्या गळ्यात तुळशीची माळ घालणारे. त्यांच्या दारावरून दारुडा गेला तरी ते दारात पाणी शिंपडायचे. म्हणून बाटल्या मी कडब्याच्या गंजीत लपवल्या होत्या.

सुपारीसाठी हिरानं न्हाणीघराच्या भिंतीला ताजा चुना दिला. पांढरीशुभ्र भिंत बघून मला वाटलं, रंग पारखायला ह्याच्यापेक्षा झकास जागा कुठली! घोट घेतला, खळखळ घोळवला आणि मारली पिचकारी. मग भिंतीजवळ जाऊन निरखून बघितलं, वास घेतला आणि समाधानानं मान डोलावली.

शेजारच्या भागूबाईला कुंपणावरून बाटली दिसली नाही. बाकी सगळं दिसलं.

दिवस मावळायच्या आत गावात झालं की आपल्या अण्णाला टीबी झाला, आणि गडी इतका खचलाय की स्वतःचं रक्त बघून मान हलवतो. दुसऱ्या दिवशी हॉटेलात मला चहा वेगळ्या कपात आला. न्हाव्यानं तोंडाला फडकं बांधून दाढी केली, तीही अर्धीच. सख्खा भाऊ आला, लांब उभा राहून रडला आणि जाताना अंडी ठेवून गेला. मला वाटलं, लेक सासरी जाणार म्हणून गाव हळवं झालंय. मी अंडी खाल्ली.

शेवटी हिरानंच मला सांगितलं. कपाळावर हात मारून म्हणाली, "टीबी म्हनलं तर सोयरीक मोडती. दारू म्हनलं तरी मोडती. तुमीच सांगा, कंच्या रोगानं मोडू?"

तेवढ्यात दारात जीप थांबली. पेठहून तात्या आणि विहीणबाई न सांगता आले होते. ओट्यावर बसले, पण माझ्यापासून बैलगाडी जाईल एवढं अंतर सोडून. पाण्याच्या तांब्याला हातसुद्धा लावला नाही. आतल्या दाराआड संगीता ओठ चावत उभी होती. तात्यांनी पावसाची चौकशी केली, बागेची केली, मग खालच्या आवाजात विचारलं, "बाकी... तब्येत काय म्हन्ती?"

नेमका तेव्हाच मला तंबाखूचा ठसका लागला! विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. मी खोकतोय, डोळ्यांतून पाणी काढतोय, आणि हातानं काही नाही, काही नाही करतोय. त्यानं रोग आणखीच वाढला.

हिरा उठली. तडक गंजीकडे गेली आणि तीन बाटल्या काढून आणल्या. (मला वाटायचं ती जागा मला एकट्यालाच ठाऊक आहे.) बाटल्या तात्यांच्या पुढ्यात आदळून म्हणाली, "ह्यो ह्यांचा टीबी." मग माझ्याकडे वळली, "दाखवा करून."

तात्या विटाळ झाल्यासारखे मागं सरकले. पहिला घोट घेतला, घोळवला, अंगणात थुंकलो. दुसरा घेतला, थुंकलो. तिसऱ्याला मात्र नाद अंगात आला आणि मी व्याह्यांनाच समजावायला लागलो की बघा तात्या, पहिली तोंडात लगेच मरती, पण हिला मागनं कासऱ्याचा वास येतो, तो जरा धरून ठिवायचा. हिरानं डोळे मिटून घेतले.

तात्या माझ्या गळ्याच्या घाटीकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "गिळत न्हाई?"

"न्हाई. गिळली की जीभ बधिर व्हती, म्होरली कळत न्हाई." (सगळी ताडून झाल्यावर जी आवडली तिचं काय करतो, ते त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.)

"म्हंजे पुण्याहून आनायची, हुंगायची, चूळ भरायची आन् भिंतीवर टाकायची?"

"व्हय."

तात्यांनी माळेवरून हात फिरवला आणि बराच विचार केला. तोवर कुंपणावर भागूबाई धरून अर्धी आळी गोळा झाली होती. मग ते विहीणबाईंकडे वळून म्हणाले, "ह्याला पिनं म्हनत न्हाईत. ह्यो नुसता खुळेपना हाये."

मला मिठी मारावीशी वाटली. पण विहीणबाई पक्क्या. पदर नाकावरून काढून त्यांनी हिराला सरळ विचारलं, "आन् असलं खूळ पोराबाळांत उतरतं का वो?"

दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या. हिरानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात म्हातारा बैल बघतात तसं, आणि म्हणाली, "काळजी करू नका. पोरगी माझ्यावर गेलीया."

विहीणबाईंनी मलाही एकदा नीट बघून घेतलं, हिरालाही बघितलं आणि पाण्याचा तांब्या मागितला. माझ्यासकट सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुपारी ठरल्या दिवशी फुटली.

आता पेठहून संगीताचा रोज फोन येतो. जेवलात का म्हणून विचारते, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की म्हणते, "अण्णा, तुमी गप बसा, तुमाला सांगता येत न्हाई." मग मी गप बसतो. हिरा पाव्हण्यांशी खोटं बोलली नव्हती.