वाकड्या दाताची वरात

धांदल हे तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता पासपोर्टापुरतंच उरलं होतं. चार वर्षांची असताना ती एकाच पायात दोन्ही मोजे घालून शाळेला निघाली, तेव्हा आत्याने हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं, की परदेशात नोकरी लागली तेव्हा सामानाबरोबर तेही आलं. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती कचरा टाकायला खाली उतरली, मागे दार आपोआप बंद झालं, आणि पायात घरातल्या चपला, हातात रिकामी बादली अशा थाटात तिने तीन तास जिन्यात काढले. येणारा-जाणारा प्रत्येक जण चौकशी करून गेला, त्यामुळे सगळ्या इमारतीशी ओळख झाली, एवढा फायदा. पुढे एकदा बसमध्ये झोप लागून ती थेट डेपोत पोचली आणि बस धुवायच्या यंत्रातून बससकट धुऊन निघाली. खिडकी उघडी होती, हे सांगायला नकोच.

आता एवढ्या धांदरट मुलीच्या हातात लोकांचे दात कोणी दिले, असं कुणालाही वाटेल. पण कामाला बसली की हीच मुलगी श्वाससुद्धा मोजून घ्यायची. ती कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होती. दवाखान्यातून तोंडाचा ठसा यायचा, त्यावरून प्लास्टरचा जबडा, जबड्यावर गुलाबी मेणाची हिरडी, आणि हिरडीत एकेक दात चिमट्याने बसवायचा. चौघीजणी ओळीने बसून हे करायच्या. दीड वर्षात धांदलच्या हाताखालून शेकडो दात गेले असतील, पण त्यातला एकही तिने कुणाच्या तोंडात पाहिला नव्हता. कारखान्यात माणसं येत नाहीत, ठसे येतात. माणसाचा जबडा तिला पाठ असायचा आणि चेहरा ठाऊक नसायचा. स्वयंपाक करून डबा भरायचा आणि खाणाऱ्याचं तोंड कधी बघायचं नाही, तशातली गत.

त्यात ती तिथे एकटीच होती, आणि ते एकटेपण तिला दुपारच्या सुट्टीत नेमकं बोचायचं. इतर तिघी टेबलाभोवती बसत. त्या वाईट नव्हत्या, पण टेबलाला खुर्च्याच तीन होत्या. धांदल प्लास्टरच्या गोणीवर बसून जेवायची आणि उठली की मागून पांढरी दिसायची.

तर अशात एका नव्या कवळीचं काम आलं. ही पूर्ण कवळी तिने पहिल्यांदाच एकटीने करायची होती. ठशाबरोबर एक चिठ्ठी होती. लिहिणारा बहात्तर वर्षांचा होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. ‘वरचा समोरचा डावा दात किंचित वाकडा बसवावा. तरुणपणी तो तसाच होता आणि तिला तो आवडायचा. तिला सांगितलेलं नाही.’

मालकीणबाईंनी चिठ्ठी वाचून नाक मुरडलं. “आपण दात सरळ करतो, वाकडे नाही. लोक काय म्हणतील?”

धांदल मात्र चिठ्ठी वाचून पार विरघळली. तिने तो दात बसवला तर तो फारच वाकडा झाला, म्हातारा गुंड दिसला असता. दुसऱ्यांदा बसवला तर इतका कमी, की वाकडेपणा शोधावा लागला. तिसऱ्यांदा जमला. पण या तीन फेऱ्यांत शुक्रवारची संध्याकाळ झाली, आणि लग्न शनिवारी साडेबाराला, रेल्वेने अडीच तासांवरच्या गावात. कुरिअरवाला आता सोमवारी येणार होता. नवरदेवाची जुनी कवळी आठवड्यापूर्वीच अक्रोड फोडताना दुभंगली होती.

“तू उशीर केलास, तूच घेऊन जा,” मालकीणबाई म्हणाल्या. “गावातला दंतवैद्य लग्नाला आहे, तो बसवून देईल. आणि हे बघ, दात पोचले नाहीत, तर सोमवारपासून तू नुसते ठसे धुवायचेस.”

ठसे धुवायची धमकी खरी होती, तरीही धांदलच्या मनात गुदगुल्याच होत होत्या. आपले दात एकदा तरी तोंडात हसताना बघायला मिळणार, हेच तिला पुरे होतं.

शनिवारी सकाळी सव्वाआठची गाडी तिने चक्क पकडली. आईने शिवलेली ठिगळांची पिशवी, पिशवीत पाकीट, आणि ओल्या कापसात गुंडाळलेली कवळी डबीत. गाडी जवळजवळ रिकामी होती. तरी ती बसली ती नेमकी उलट्या तोंडाच्या बाकावर, आणि तासाभराने बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

बाबांची इथे ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढच्या गोंधळाचं अर्धं श्रेय त्यांचं आहे. ते निवृत्त बस कंडक्टर. एकतीस वर्षं त्यांनी जागेवरून होणारी भांडणं सोडवली होती, आणि त्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. धरलेली जागा सोडायची नाही, आणि दुसऱ्याने धरलेल्या जागेवर बसायचं नाही. मुलीला त्यांनी चालायला शिकवलं नसेल, पण रुमाल टाकायला शिकवलं होतं.

“उलटी बसलीस होय?” ते फोनमधून ओरडले. “मळमळेल! पुढच्या डब्यांत जाऊन बघ, सरळ तोंडाची खिडकी असेल.”

“बाबा, इथलं सामान...”

“सामान राहू दे तिथेच! ती जागा धरलेली बरी. पुढे नाही मिळाली तर?”

रिकाम्या गाडीत दोन जागा धरायची गरज काय, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही, आणि आला असता तरच नवल. धांदलने पिशवी बाकावर ठेवली, नीट मध्यभागी, म्हणजे कुणाला शंका नको. फोन समोर धरून बाबांना गाडी दाखवत ती चार डबे पुढे गेली. सरळ तोंडाची खिडकी मिळाली. बाबांनी खिडकीबाहेरची शेतं पाहिली, गाई मोजल्या, संडास स्वच्छ आहे का तेही पाहिलं. मध्ये एक मोठं स्टेशन लागलं, वर काहीतरी घोषणा झाली, पण बाबा तेव्हा आत्याच्या गुडघ्याबद्दल सांगत होते. मग एक हिसका बसला आणि गाडी निघाली.

“आता पिशवी आण जा,” बाबा म्हणाले. “बस्तान बसलं.”

ती उठली. एक डबा मागे गेली, दुसरा, तिसरा. चौथ्या डब्यात शिरायला दाराशी आली आणि काचेतून पाहिलं, तर पुढे डबाच नव्हता. नुसते रूळ होते, मागे मागे पळणारे.

“गाडी कुठे गेली?” बाबांनी विचारलं, कारण फोन अजून समोरच होता.

“बाबा,” ती म्हणाली, “अर्धी गाडी गेली.”

कंडक्टरच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणाची अर्धी बस गेली नव्हती. 

तिकीट तपासणाऱ्या बाई आल्या, जाडजूड, चष्मा कपाळावर. त्यांनी समजावून सांगितलं, की ही गाडी रोजच त्या जंक्शनला दुभंगते. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या गावाला. तिची पिशवी अगदी बरोबर गावाला निघाली होती. चुकीच्या गावाला निघाली होती ती स्वतः.

“पण पिशवी तिथे ठेवलीस कशाला, मुली?”

“जागा धरायला.”

“गाडीत सगळी मिळून सहा माणसं आहेत.”

“हो,” धांदल म्हणाली आणि तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. “त्यात एका नवरदेवाचे दात आहेत हो! साडेबाराला त्याचं लग्न आहे!”

बाईंनी चष्मा नाकावर घेतला. सगळा प्रसंग नीट बघायची त्यांची ती तयारी असावी. त्यांनी मागच्या अर्ध्या गाडीच्या तिकीटवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पिशवी त्याला सापडली होती. त्याने डबी उघडली होती.

“दात आहेत,” तो म्हणाला.  “हसतायत माझ्याकडे बघून.”

डबीच्या झाकणावर नवरदेवाचा नंबर लिहिलेला होता. त्याने तो जोडला. फोन नवरीने उचलला, कारण नवरदेव आठवडाभर कुणाशीच बोलत नव्हता.

“स्टेशनसमोरच आहे आमचा हॉल,” नवरी म्हणाली. ती एकोणसत्तर वर्षांची होती, पण आवाज पळत आल्यासारखा. “गाडी आली की मी येते घ्यायला. अशीच येते, लग्नाच्या झग्यावर धुळीचा काय हिशोब करायचा!”

“असं कुणालाही देता येत नाही,” तिकीटवाला म्हणाला. “नियम आहे. वस्तूची खूण सांगावी लागते. मालकालाच ठाऊक असेल अशी.”

“अहो, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे दात आहेत!”

“दात सगळ्यांचे सारखेच असतात, बाई. खूण सांगा.”

 खूण धांदलला ठाऊक होती, पण ती सांगायची कशी? तो दात म्हणजे नवरदेवाने नवरीसाठी जपलेलं गुपित होतं. ती तोंडावर हात दाबून बसली. 

“नव्या कवळीचं मला ठाऊक नाही,” नवरी सावकाश म्हणाली. “पण हा माणूस मला माहीत आहे. बघा बरं, वरचा, समोरचा... डावा. जरासा वाकडा आहे का?”

डबी पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

“आहे,” तिकीटवाला म्हणाला. “जरासाच.”

पलीकडे नवरी रडायला लागली, इकडे धांदल रडत होतीच, आणि जाड्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग नवरी नाक ओढत म्हणाली, “आणि पिशवी तिथे ठेवली कुणी म्हणे?”

“जागा धरायला ठेवली होती,” बाई म्हणाल्या. “तिच्या वडिलांची पद्धत आहे.”

“माझे दात... म्हणजे ह्यांचे दात बनवणारी तीच का? मग ती येणार ना?”

“येते हो मी!” धांदल ओरडली, आणि तिच्या फोनची बॅटरी संपली म्हणून बाबा तिच्या हातातल्या हातात मावळले.

त्या चुकीच्या गावी पोचून ती त्याच गाडीने उलट फिरली. जंक्शनला पाच जणांना विचारलं, दोनदा तर एकाच माणसाला. दुसऱ्या गाडीत ती मागच्या डब्यात बसली आणि नैसर्गिक गरजेलासुद्धा उठली नाही. शेजारी पाकीट नव्हतं, पिशवी नव्हती, फोन बंद पडलेला. जाड्या बाईंनी एका कागदावर सही करून दिली होती, ‘हिला सोडा, हिचं सामान पुढे गेलं आहे.’ ती तो कागद रुमालासारखा मुठीत धरून बसली होती.

गाडी पोचली तेव्हा घड्याळात पाऊण वाजून गेला होता. हॉलपर्यंत धावताना तिला एकेक पावलागणिक वाटत होतं, आता काय उपयोग? दात पोचले, लग्न लागलं असेल, आपलं काम संपलं. पिशवी घ्यायची आणि निघायचं. कवळी बनवणाऱ्याची कोण वाट बघतो? दीड वर्षात इथे कुणी तिची वाट पाहिली नव्हती, आणि हा विचार आला तशी तिच्या पायातली धाव कमी झाली.

तिने दार हळूच ढकललं. हॉल खच्चून भरलेला. भिंतींना टेकून माणसं उभी होती. समोर लग्न नोंदवणारा अधिकारी मनगटावरचं घड्याळ सारखं बघत होता, कारण त्याला दोन वाजता दुसरं लग्न लावायचं होतं. लग्न लागलेलं नव्हतं. आणि पहिल्या रांगेत, अगदी मध्यभागी, एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर एक काळी टोपी ठेवलेली होती, नीट मध्यभागी, म्हणजे कुणाला शंका नको.

भिंतीला टेकलेली एक आजी काठीवर वाकून उभी होती, तरी त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

“ती आली!” नवरी म्हणाली.

नवरदेव उभा राहिला. उंच, वाळका, कान मोठे. धांदलने त्या माणसाला आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण हनुवटीचं हाड पाहताच तिने त्याला ओळखलं. तो स्वतः चालत खुर्चीपाशी आला, टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि खुर्चीवर हात ठेवला.

“साडेबारापासून धरून ठेवलीय,” तो म्हणाला. “तीन जण बसायला आले. सोडली नाही.”

आणि तो हसला. वरचा, समोरचा, डावा. जरासाच वाकडा. धांदलला तो फार सुंदर दिसला, कुठल्याही सरळ दातापेक्षा. तिने काठीवाल्या आजींना आधी हाताला धरून आणलं, अर्ध्या खुर्चीवर त्या टेकल्या, अर्ध्यावर ती. अशा दोघींनी मिळून ते लग्न पाहिलं. नवरदेवाने “होय” एवढं जोरात म्हटलं, की अधिकाऱ्याने दचकून घड्याळ बघायचं सोडलं.

संध्याकाळी नवरीच्या फोनवरून तिने बाबांना फोन केला. तिकडे बाबा दुपारपासून न जेवता बसले होते.

“पोचलीस का गं? जागा मिळाली का?”

“मिळाली, बाबा.”

“खिडकीची?”

“पहिल्या रांगेतली. मी यायच्या आधीच कुणीतरी धरून ठेवली होती.”

“रुमाल टाकून?”

“टोपी ठेवून.”

बाबांनी घसा खाकरला. मग एकतीस वर्षांच्या अधिकाराने म्हणाले, “मग आता उठू नकोस.”